ताडोब्यातून चांदोलीत आणलेल्या वाघांना जंगलात सोडण्याआधी रोगांची लस देतात का? द्यावी का?

द्यावीच. कुनोला आलेल्या चित्त्यांनाही २०२२ साली नामिबियातून निघण्याआधी लसी दिल्या होत्या. पण वाघाच्या आधी जंगलाकडेच्या वस्त्यांवरची कुत्री टोचा, हे मी नोकरीत होतो तेव्हापासून सांगत आलोय.

शिराळा तालुक्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. एका हिवाळ्यात चांदोलीलगतच्या वस्त्यांवर कुत्री पटापट मरायला लागली. डोळ्यांत चिपडं, नाकातून पू, मग जबडा नुसता चावत राहायचा आणि पाय झटके द्यायचे. कुणीतरी विष घातलं म्हणून भावकीत भांडणं लागली. होता डिस्टेंपर, कुत्र्यांचा विषाणूनं होणारा साथीचा रोग, जो वाघ-बिबट्यालाही लागतो. मेलेली कुत्री लोक ओढ्यापलीकडं रानात टाकायचे, आणि बिबट्याला कुत्रं किती प्रिय ते आपल्याकडं पोरासोरांना माहीत आहे. मी वर सांगितलं, आसपासच्या वस्त्यांवरची सगळी कुत्री टोचून घेऊ. साहेब भर बैठकीत म्हणाले, "आधी गुरांची लाळ-खुरकतची लस उरका. कुत्री टोचून वाघ वाचत नसतो."

शेवटी एका धनगरवाड्यावरच्या पोरांनी वर्गणी काढली. सांगलीहून लस थर्मासात बर्फ घालून आणली आणि हाताला लागतील तेवढी कुत्री टोचली. एक म्हातारी कुत्र्याच्या गळ्याला मिठी मारून बसली होती, "डाक्टर, राखणीचं हाय, जपून." त्या वाड्यावरची कुत्री जगली. पलीकडच्या वस्तीवर राखणीला एक उरलं नाही.

साहेबांचं ते वाक्य मला अजून सलतं. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत १९९४ साली हजाराच्या आसपास सिंह, म्हणजे तिथले एक तृतीयांश, याच रोगानं गेले. गीरमध्ये २०१८ साली थोड्या दिवसांत २३ सिंह मेले, त्यांतल्या काहींत हाच विषाणू सापडला आणि मग धावपळ करून अमेरिकेहून लस मागवली. हा विषाणू गुरांच्या बुळकांडी रोगाच्या घराण्यातला. बुळकांडी २०११ साली जगातून गेली ती गावोगाव जनावरं टोचूनच, आणि आपल्याकडं ते काम आमच्याच खात्यानं केलं.

वाघाला टोचलं तरी एका डोसावर भागत नाही, काही आठवड्यांनी दुसरा लागतो. तेव्हा वाघ कुंपणात आहे तोवरच काय ते उरकावं. जंगलात जन्मलेल्या बछड्यांना आईकडून मिळालेलं संरक्षण काही आठवड्यांत ओसरतं. त्यांना कोण टोचणार? म्हणून कुत्री.

आणि लस कोणती हेही बघा. अमेरिकेत १९७०च्या दशकात काळ्या पायांच्या फेरेटना (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) डिस्टेंपरची जिवंत, म्हणजे दुबळ्या केलेल्या विषाणूची लस दिली, तर काही फेरेट त्या लसीनंच मेले. रानटी प्राण्याला कॅनरीपॉक्स या पक्ष्यांच्या विषाणूवर बेतलेली लस बरी, तिच्यातून रोगच होऊ शकत नाही.

एक मात्र मान्य करतो. रशियातल्या अमूर वाघांवर २०२०मध्ये आलेल्या अभ्यासात विषाणू मुख्यतः कुत्र्यांकडून नाही, तर जंगलातल्याच प्राण्यांतून येतो असं दिसलं. तिथं थोडे वाघ टोचणंच कामाचं ठरेल, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्याकडंही कोल्हे, उदमांजरं आहेतच. म्हणून वाघ टोचू नका असं माझं म्हणणं नाही, दोन्ही करा. पण आपल्या वस्त्या जंगलाला जशा खेटून आहेत, तिथं कुत्री सोडून चालणार नाही.

शिराळा-पाटणच्या दवाखान्यांत कुणी हे वाचत असेल तर लाळ-खुरकतच्या फेरीलाच कुत्री धरा. जनावरं बांधलेली असतात, मालक घरी असतो, आणि दोन्ही लसी एकाच थर्मासात मावतात.