ख्रिस्ती प्रेमकादंबरी लिहिणाऱ्या लेखिकेची श्रद्धा, प्रेरणा आणि पुस्तक छापून येण्यापर्यंतचा प्रवास कसा असतो?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. श्रद्धा गोष्टीत आणली की तिचा उपदेश होतो, तो कसा टाळायचा? असं पुस्तक कोण छापेल? आणि मंडळीतली, म्हणजे आपल्या चर्चमधली, माणसं नावं ठेवतील म्हणून टोपणनाव घ्यावं का?

मी अहिल्यानगर जिल्ह्यातली, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातली. माझी एक कादंबरी छापून आली आहे, दुसरी निम्म्यावर आहे. पण स्वतःचं सांगण्याआधी फ्रान्सिन रिव्हर्स या अमेरिकन लेखिकेचं सांगते. मला अडलेली वाट त्यांच्या आयुष्यामुळे दिसली.

रिव्हर्स कॅलिफोर्नियाच्या, जन्म 1947 चा. 1976 पासून सुमारे दहा वर्षं त्या साध्या, सर्वसामान्य वाचकांसाठीच्या प्रेमकादंबऱ्या लिहीत होत्या. पुस्तकं खपत होती, बक्षिसं मिळत होती. घरचं वळण धार्मिक होतं, चर्चला जाणं लहानपणापासूनचं होतं, पण विश्वास हा आईवडिलांचा होता, त्यांचा स्वतःचा झालेला नव्हता. संसारात ओढाताण होती. नव्या घरी राहायला गेल्यावर शेजारच्या एका लहान मुलानं त्यांना आपल्या चर्चबद्दल सांगितलं. तिथे जाणं सुरू झालं, मग घरीच शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, सुरू झाला, आणि 1986 मध्ये त्यांनी ख्रिस्ताला आपलं आयुष्य दिलं.

आपल्या मंडळीत अशी साक्ष, म्हणजे स्वतःच्या विश्वासाची कहाणी, ऐकली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: मग देवानं मला भरभरून दिलं. रिव्हर्स यांच्याबाबतीत उलट झालं. त्यांचं लिखाणच बंद पडलं. जवळजवळ तीन वर्षं एक धड पान उतरेना. हात सरावलेला, वाचक वाट बघतायत, आणि शब्द नाहीत. त्यांनी स्वतःच पुढे सांगितलंय की लिखाण ही त्यांची पळून जाण्याची जागा झाली होती, देवाच्या जागी बसलेली मूर्ती झाली होती. त्या काळात त्या फक्त पवित्र शास्त्र वाचत राहिल्या.

वाचता वाचता बायबलच्या जुन्या करारातलं होशेय संदेष्ट्याचं पुस्तक आलं. आपल्याकडे रविवारच्या उपासनेत होशेय क्वचितच वाचला जातो, म्हणून थोडक्यात सांगते. देव या संदेष्ट्याला सांगतो, जा आणि व्यभिचारी बाई बायको म्हणून कर. तो गोमेरशी लग्न करतो. मुलं होतात, त्यांची नावंही काळजाला चरे पाडणारी: लो-रुहामा म्हणजे जिच्यावर दया नाही ती, लो-अम्मी म्हणजे माझे लोक नव्हेत. तिसऱ्या अध्यायात देव त्याला पुन्हा सांगतो, दुसऱ्याची झालेल्या त्या बाईवर पुन्हा प्रेम कर, आणि होशेय पंधरा शेकेल चांदी आणि दीड होमर जव (शेकेल, होमर ही त्या काळची वजनमापं) देऊन तिला सोडवून आणतो. स्वतःचीच बायको किंमत मोजून! ते जव मला फार महत्त्वाचे वाटतात. मला तरी ते वाचताना दिसतं की रोख पुरली नसावी, म्हणून घरातलं धान्य मोजून दिलं. शास्त्रात तसं लिहिलेलं नाही, पण कादंबरीकाराचं काम तिथूनच सुरू होतं.

रिव्हर्स यांनी ही गोष्ट उचलून 1850 च्या कॅलिफोर्नियात नेली. 1848 मध्ये तिथे सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावली, त्या गर्दीत बायकांचा बाजारही उभा राहिला. लहानपणीच विकली गेलेली एंजल आणि तिच्याशी लग्न करणारा शेतकरी मायकल होशेया यांची ती कादंबरी, ‘रिडीमिंग लव्ह’. एंजल पुन्हा पुन्हा पळून जाते. पुरुषाच्या प्रेमावर तिचा विश्वासच बसत नाही, आणि तो बसणार तरी कसा?

छापण्याचा भाग नीट वाचा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. ख्रिस्ती प्रकाशनसंस्थांची प्रेमकथा तोवर अमेरिकेत रुजली होती. कॅनडाच्या जेनेट ओक यांची पहिली कादंबरी 1979 मध्ये बेथनी हाउसनं काढली आणि माळरानावरच्या, सोज्वळ, प्रार्थनाशील प्रेमकथांना मोठा वाचक मिळाला. पण रिव्हर्स यांची वेश्येची गोष्ट 1991 मध्ये आली ती बॅन्टम या सर्वसामान्य प्रकाशनाकडून. पुढे नव्वदच्या दशकातच मल्टनोमा या ख्रिस्ती प्रकाशनानं तिची सुधारलेली आवृत्ती काढली, आणि मग ती वर्षानुवर्षं वाचली जात राहिली. 2022 मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. म्हणजे पुस्तक एकदा छापून आलं, बाजूला पडलं असं वाटलं, तरी त्याचा खरा वाचक दुसऱ्या दारातून येऊ शकतो. हक्काचा करार करताना हे लक्षात ठेवा. आवृत्ती संपल्यावर हक्क तुमच्याकडे परत येतील अशी ओळ करारात असू द्या.

उपदेशाबद्दल त्यांची पद्धत मला फार पटते. प्रत्येक कादंबरी त्या स्वतःला पडलेल्या एका प्रश्नापासून सुरू करतात, उत्तरापासून नाही. विश्वास न ठेवणाऱ्या आपल्याच माणसांमध्ये साक्ष कशी द्यायची, हा प्रश्न घेऊन त्या बसल्या आणि इ.स. 70 मध्ये यरुशलेम (जेरुसलेम) पडल्यावर रोममध्ये गुलाम म्हणून गेलेल्या हदस्सा या मुलीची गोष्ट तयार झाली. हदस्सा घाबरते, तोंड उघडत नाही, मालकाच्या मुलावर तिचं प्रेम बसतं. लेखिकेलाच उत्तर ठाऊक नसेल तर पात्रांना प्रवचन देता येत नाही, ती धडपडतात. उपदेश होतो तो उत्तर आधी खिशात घालून निघाल्यावर.

आता माझं.

मी विशी-पंचविशीत दिवाळी अंकांसाठी प्रेमकथा लिहायचे. छापूनही यायच्या. एकदा रात्री सगळ्या कथांची कात्रणं एका फायलीत लावत बसले होते आणि लक्षात आलं की माझ्या एकाही नायिकेचं नाव माझ्या गल्लीतल्या मुलीसारखं नाही. आमच्याकडे करुणा, सुवार्ता, एस्तेर, शांतवन अशी नावं. माझ्या कथांत मात्र सगळ्या अनघा आणि मृण्मयी. त्या कधी रविवारी उपासनेला जात नव्हत्या, नाताळात करंज्या करत नव्हत्या, संकटात गुडघे टेकत नव्हत्या. मी जे जगत होते ते सोडून बाकी सगळं लिहीत होते. त्यानंतर माझंही लिखाण थांबलं. चार वर्षं. तेव्हा मला ते अपयश वाटलं, रोज रडायचे. नंतर रिव्हर्स यांच्याबद्दल वाचलं आणि जिवात जीव आला.

माझा प्रश्न मला आजीपाशी सापडला. आजोबा मुंबईला गिरणीत कामाला गेले आणि सात वर्षं परतले नाहीत. तिकडे दुसरं घर होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आजी मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून राबली, तीन लेकरं वाढवली. मग एके दिवशी ते दारात येऊन उभे राहिले. आजीनं घेतलं त्यांना घरात. लहानपणी आम्हाला हे क्षमेची गोष्ट म्हणून सांगितलं जायचं, पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, उपदेशातही एकदा आली होती. पण मी मोठी झाल्यावर आजीला सरळ विचारलं, तुला राग आला नाही? ती म्हणाली, “आला की. अजून येतो. पण तो आला तवा भाकर तव्यावर होती, आन् त्याचं तोंड सुकलेलं.” एवढंच बोलली. पुढे कित्येक महिने मला झोपताना तो तवा दिसायचा. क्षमा एका क्षणात होते की रोज भाकरीबरोबर थापावी लागते? राग शिल्लक असताना प्रेम खरं असतं का? होशेयाची गोष्ट इथे उलटी झाली होती: घर सोडून गेला होता तो, आणि किंमत मोजली होती तिनं. कादंबरी तिथून सुरू झाली.

तुम्हाला एकटं वाटत असेल तर हेही लक्षात घ्या की आपण परक्या अंगणात शिरलेलो नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती ‘यमुनापर्यटन’ 1857 ची, आणि लिहिणारे बाबा पदमनजी त्याच्या तीनच वर्षं आधी बेळगावात बाप्तिस्मा घेतलेले. विधवांच्या हालांची ती कहाणी आहे, आणि विधवा झालेली यमुना शेवटी ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. आज वाचताना तिच्यातला उपदेश जड वाटतो, तो तसा आहेच. पण विधवेला पुन्हा जोडीदार मिळावा हे त्या काळी मराठीत गोष्ट रचून सांगणं केवढ्या धाडसाचं होतं!

आणि लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे, पण श्रद्धा आणि प्रेम एकमेकांना कसं फाडतात आणि कसं सांधतात हे मला त्याहून चांगलं कुठेच सापडलेलं नाही. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नवरा जिवंत असून त्या एकट्या पडल्या. काही वर्षांनी त्या त्यांच्याकडे राहायला आल्या तरी सोवळं-ओवळं सांभाळून, वेगळं स्वयंपाकपाणी करून राहिल्या. जातिभेद माणसानं केलेला आहे, हे त्यांच्या मनानं स्वतःहून घेतलं, आणि मग 1900 मध्ये राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी घाई केली नाही. नवराबायकोच्या प्रेमात वाट बघणं म्हणजे काय, ते त्या पानांत आहे. भाषा तर अशी की पानावर चूल पेटलेली ऐकू येते. तुम्ही ते वाचलं नसेल तर तुमचं हस्तलिखित महिनाभर बाजूला ठेवा आणि आधी ते वाचा.

आता मराठीत छापण्याची खरी परिस्थिती. माझं हस्तलिखित मी आधी एका नावाजलेल्या प्रकाशकाकडे दिलं. आठ महिन्यांनी निरोप आला: गोष्ट चांगली आहे, पण प्रार्थनेचे प्रसंग काढा, वाचकाला परकं वाटेल. मग ख्रिस्ती साहित्य काढणाऱ्या एका संस्थेकडे गेले. त्यांनी प्रार्थना ठेवायला सांगितली आणि नवराबायको सात वर्षांनी एका खोलीत निजतात ते प्रकरण काढायला सांगितलं. मी दोन्हीकडून वही परत आणली. सात वर्षांच्या दुराव्यानंतर शेजारी झोपलेल्या माणसाच्या श्वासाला घाबरणारी बाई काढली तर आजीची गोष्टच उरत नाही, आणि त्या अंधारात ती जे पुटपुटते ती प्रार्थना काढली तरी उरत नाही.

शेवटी जिल्ह्यातल्याच एका लहान प्रकाशकानं पुस्तक घेतलं. स्वतः ख्रिस्ती नव्हते, पण त्यांच्या आईनं असंच कुणाला तरी घरात घेतलं होतं. 500 प्रती, निम्मा खर्च माझा, आणि त्या बदल्यात निम्म्या प्रती माझ्याकडे. अशी रीत मराठीत नवी नाही, तिची लाज बाळगू नका. मात्र तीन गोष्टी लेखी घ्या: किती प्रती छापल्या, त्यातल्या तुमच्या किती, आणि हक्क कुणाचे. मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायला येणारी पानं, स्वतः तपासा, शास्त्रातले संदर्भ तर दोनदा. माझ्या पहिल्या मुद्रितात होशेयाचा सगळीकडे ‘होय’ झाला होता.

त्याआधी एक-दोन प्रकरणं दिवाळी अंकांना कथा म्हणून पाठवून पाहा. चर्चच्या मासिकांनाही पाठवा. ‘ज्ञानोदय’ 1842 पासूनचा आहे, टिळकांच्या काळातही आपली माणसं तिथे लिहीत होती. अंकात छापून आलेली कथा प्रकाशकापुढे ठेवली की बोलणं सोपं जातं.

टोपणनावाचं विचारलंत. घेऊ नका. मी नाव लावलं तेव्हा मलाही धाकधूक होती, आणि बोलणारे बोललेही. महिला मंडळातल्या एक बाई दोन रविवार माझ्याशी बोलल्या नाहीत. पण पाळकबाईंनी एक प्रत वर्तमानपत्राचं कव्हर घालून नेली, त्यांच्याकडून ती दुसरीकडे गेली, तिथून तिसरीकडे. परत आली तेव्हा शिवण सुटलेली होती आणि शेवटची आठ पानं गेली होती. त्याच आठवड्यात एका अनोळखी म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. माझा नंबर कुठून मिळवला कोण जाणे. म्हणाल्या, “बाई, माझ्या हाती आलं तेव्हा शेवट नव्हताच. तिनं त्याला घेतलं ना घरात?”

मी पाऊण तास फोनवर ती आठ पानं त्यांना वाचून दाखवली.