स्टालिन, हिटलर अशा हुकूमशहांची घरं सरकार जपून का ठेवतं, पाडून का टाकत नाही?

सरसकट जपत नाहीत. घर पाडलं तरी लोक त्या जागेवर येतातच, म्हणून बरेचदा ते उभं ठेवून त्याचा वापर बदलणं बरं पडतं. ऑस्ट्रियातल्या ब्राउनाऊ गावात हिटलर 1889 मध्ये जन्मला. ते घर मूळ मालकिणीकडून सरकारने कायदा करून ताब्यात घेतलं आणि तिथे पोलीस ठाणं करायचं ठरवलं. दारासमोर 1989 पासून माउटहाउझेन छळछावणीच्या खाणीतला दगड आहे. त्यावर ‘पुन्हा फॅसिझम नको’ असं कोरलंय, हिटलरचं नाव मात्र नाही. बव्हेरियातल्या त्याच्या बेर्गहोफ बंगल्याचे अवशेष 1952 मध्ये सुरुंग लावून उडवले, तरी हौशे-नवशे थांबले नाहीत. शेवटी 1999 मध्ये जवळच नाझी राजवटीची माहिती देणारं केंद्र काढलं.

याउलट जॉर्जियातलं गोरी, स्टालिनचं जन्मगाव. स्टालिनच्या बापाने, एका चांभाराने, भाड्याने घेतलेली खोली ज्या घरात होती ते अजून आहे. आजूबाजूची घरं पाडून त्या घरावर खांबांचा मंडप उभारलाय, अगदी देवळासारखा. शेजारच्या संग्रहालयात स्टालिनच्या वस्तू, मृत्यूनंतर घेतलेला चेहऱ्याचा साचा, आवारात त्याचा रेल्वेचा डबा. माझ्या मते हे जतन कमी आणि आरती जास्त.

अशा हुकूमशहांच्या वस्तूंचं एक वेगळं: संशोधनासाठी त्या ठेवायला हरकत नाही. पण खाजगी संग्राहकांच्या बाजारात बनावट माल चिक्कार फिरतो आणि जर्मनी, ऑस्ट्रियात नाझी चिन्हं उघड मिरवणं गुन्हा आहे. संशोधन, शिक्षण वगैरेंना तेवढी सवलत मिळते.