सायलेंट हंटर ३ : वाहतूक खरी हवी असेल तर कुठला मॉड?

तुम्ही विचारलंय की सायलेंट हंटर ३ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीच्या संगणक खेळात तीन-तीन दिवस जहाज दिसत नाही, तर वाहतूक खरी वाटावी म्हणून कुठला मॉड (खेळात बदल करणारी जोड) टाकावा. माझं उत्तर जीडब्ल्यूएक्स ३.०, म्हणजे ग्रे वुल्व्ज एक्स्पान्शन. पण तो टाकला की समुद्र जहाजांनी गजबजून जाईल, अशी आशा मात्र धरू नका.

मी मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे, १२ ते ४ चा वॉच माझा. मुंबईहून निघालेल्या पहिल्या रात्री मासेमारीच्या बोटींनी रडारचा पडदा ठिपक्यांनी भरलेला असतो. दुसऱ्या रात्री त्याच पडद्यावर चार तासांत एखादा ठिपका आला तर आला. जहाजं ठरलेल्या वाटांनी जातात. वाट सोडली की नुसतं पाणी.

युद्धकाळात तर हे आणखी खरं होतं. चाळीस जहाजं सुटी सुटी निघाली तर पाणबुडीला चाळीस संधी. एकत्र निघाली तर एकच, आणि ती हुकली की मग कित्येक दिवस काही नाही. ब्रिटिशांनी सप्टेंबर १९३९ पासून कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून एचएक्स कॉन्व्हॉय, म्हणजे संरक्षणाखाली एकत्र जाणारे जहाजांचे ताफे, सुरू केले ते याच हिशोबाने. म्हणून वाहतुकीचा चांगला मॉड नुसती जहाजं वाढवत नाही, ती योग्य वाटेवर, योग्य तारखेला आणि योग्य वेगाने आणतो. एचएक्सची जहाजं ९ नॉट किंवा जास्त वेगाची. त्याहून मंद जहाजांसाठी ऑगस्ट १९४० पासून एससी ताफे. ऑक्टोबर १९४० मधल्या एससी-७ मध्ये ३५ जहाजं होती, त्यातली २० बुडाली, आणि सुरुवातीचा बराच प्रवास त्याला सोबत होती एकाच लढाऊ जहाजाची. मॉडने १९४० मध्येच ताफ्याभोवती सहा-सहा विनाशिका लावल्या असतील तर तो मला खरा वाटत नाही.

मॉड पारखायला माझी एक कसोटी आहे. फ्रान्स पडल्यावर, जुलै १९४० मध्ये, ब्रिटिशांनी वाहतूक आयर्लंडच्या दक्षिणेकडून काढून उत्तरेकडच्या, आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या नॉर्थ चॅनलकडे वळवली. त्याआधीची एक आणि नंतरची एक गस्त खेळून बघा. दोन्ही वेळा जहाजं दक्षिणेलाच भेटत असतील तर तो मॉड काढून टाका.

जीडब्ल्यूएक्समधली मला सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे तटस्थ देशांची जहाजं. रात्री क्षितिजावर दिवे लावून निवांत चाललेलं जहाज दिसतं. पहिल्यांदा मी टॉर्पेडोची ट्यूब उघडून तयारच होतो. जवळ जाऊन पेरिस्कोपमधून झेंडा पाहिला आणि हात मागे घेतला. (असं जहाज बुडवलं तर खेळात तुमची पत घटते.) वाहतूक खरी असते ती अशी, दिसेल त्यावर डागता येत नाही.

टाकताना काळजी घ्या. मूळ खेळ १.४बी आवृत्तीचा हवा. जास्तीचे मॉड जेएसजीएमई या मॉड लावण्या-काढण्याच्या प्रोग्राममधून टाका, आणि तेही पाणबुडी तळावर असतानाच. गस्तीच्या मध्येच वाहतूक बदलली तर सेव्ह बिघडतो. लोड व्हायला फार वेळ लागतो. अडकलाय असं वाटून बंद करू नका. मशीन जुनं असेल तर बंदरातली वाहतूक कमी करणारा पर्यायही सोबत मिळतो.

मन भरलं नाही तर खेळाबरोबर येणारा मिशन एडिटर उघडा. मोहिमेच्या फोल्डरमध्ये आरएनडी नावाची फाइल असते, आधी तिची प्रत काढून ठेवा. प्रत्येक ताफ्याला तिथे रांगा किती, जहाजांत अंतर किती, किती तासांनी पुन्हा निघायचं आणि निघण्याची शक्यता किती टक्के, हे सगळं देता येतं. वाटेतल्या प्रत्येक बिंदूला एक त्रिज्याही असते. ती वाढवली की ताफा दर वेळी थोडा वेगळ्या वाटेने जातो. माझ्या मते खरेपणा सर्वात जास्त या एका आकड्याने येतो, कारण पाठ झालेल्या वाटेवर टपून बसणं जमत नाही.

पॅसिफिकमध्ये खेळायचं असेल तर सायलेंट हंटर ४ साठी 'रन सायलेंट, रन डीप' हा मोहिमेचा मॉड घ्या. जपान्यांनी ताफ्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र मुख्यालय काढलं ते नोव्हेंबर १९४३ मध्ये. तोवर एकटी जहाजं आणि छोटे ताफेच जास्त, त्यामुळे तिथली शिकार अटलांटिकपेक्षा अगदी वेगळी.

आणि जहाज दिसत नाही म्हणून वेळ हजारपट पळवत बसू नका. दर दोन-तीन तासांनी २५ मीटरवर जा, इंजिन थांबवा, हायड्रोफोनवर (पाण्याखालचे आवाज ऐकण्याच्या यंत्रावर) स्वतः बसा आणि चक्र सावकाश पूर्ण फिरवा. डोळ्यांना क्षितिजापर्यंतच दिसतं, पण मोठ्या ताफ्याचे पंखे त्याच्या कितीतरी पलीकडून ऐकू येतात. माझ्या गेल्या गस्तीत सहाव्या दिवशी पहाटे असाच बारीक घुमणारा आवाज लागला, आणि ताफा डोळ्यांना दिसेपर्यंत उजाडलं होतं.