रोज सकाळी सलग शिंका येतात, ही सर्दी की ॲलर्जी?

सांगलीला राहायला आल्यापासून महिनाभर हा त्रास आहे, असं तुम्ही लिहिलंय. ताप नाही, नाकातून पाण्यासारखं गळतंय, डोळे आणि तोंडातली टाळू खाजतायत, म्हणजे बहुतेक ॲलर्जीच. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते.

सकाळीच त्रास होतो, तर आधी अंथरुणाकडे बघा. गादी-उशीत धुळीतले सूक्ष्म किडे असतात. चादरी, अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा आणि झाडण्याऐवजी फरशी ओल्या फडक्यानं पुसा. पावसाळ्यात भिंतींना ओल धरते, ती बुरशीही कारण असू शकते. हळदीच्या मोसमात मार्केट यार्डाकडे जाताना नाकाला रुमाल बांधा. अंगणातलं गाजरगवत (आपलं काँग्रेस) उघड्या हातानं उपटू नका. माझ्या आईचे हात त्यानं महिनाभर चिघळले होते.

मेडिकलमधून सेटिरिझिन (ॲलर्जीची गोळी) आणून मनानं रोज घेऊ नका, त्यानं झोप येऊ शकते, मग गाडी चालवणं धोक्याचं. डॉक्टरांनी नाकाचा स्प्रे दिला तर तो नियमित मारा, गुण यायला काही दिवस लागतात.

ओठ-जीभ सुजली, दम लागला किंवा भोवळ आली, तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच 108 ला फोन करा.