‘मायटोजेन’ला ‘प्रतिकारशक्तिवर्धक’ म्हणावे का?

प्रश्न असा : उंदरांमधील जिवाणुसंसर्गावरच्या लेखाचे भाषांतर करताना ‘वनस्पतिजन्य मायटोजेन’साठी ‘वनस्पतिजन्य प्रतिकारशक्तिवर्धक’ लिहिले तर चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. मायटोजेन म्हणजे पेशींना सूत्री विभाजन करायला लावणारा पदार्थ. त्यातून प्रतिकार वाढेल की बिघडेल, हे त्या शब्दात कुठेही नाही. त्यामुळे मी ‘विभाजनप्रेरक’ सुचवेन. पहिल्यांदा लिहिताना सोबत ‘मायटोजेन’ही ठेवावा.

राजम्यातले फायटोहिमॅग्लुटिनिन हे प्रथिन पूर्वी रक्तातल्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढण्यासाठी वापरत. त्याने लसिकापेशी (प्रतिकाराचे काम करणाऱ्या पांढऱ्या पेशी) विभागू लागतात, म्हणजे ते मायटोजेन आहे, हे संशोधक पीटर नॉवेल यांनी १९६० मध्ये दाखवले. प्रतिजन (शरीर परका म्हणून ओळखते तो पदार्थ, उदा. जंतूचा अंश) आणि मायटोजेन यांतला फरक इथे नीट समजून घ्यायला हवा. एखादा प्रतिजन त्याच्याशी जुळणारा ग्राही (पेशीवरचा ओळखणारा रेणू) असलेल्या मोजक्याच लसिकापेशींना जागे करतो. जॅकबीन या शेंगवर्गीय वनस्पतीतले कॉनकॅनॅव्हॅलिन-ए हे मायटोजेन मात्र पेशींच्या पृष्ठभागावरच्या शर्करासाखळ्यांना चिकटते. साहजिकच, कोणती पेशी कोणत्या जंतूसाठी आहे याचा विचार न होता असंख्य टी-पेशी (लसिकापेशींचा एक प्रकार) एकदम विभागू लागतात.

या टी-पेशींमधून इंटरफेरॉन-गॅमा हे इतर पेशींना संदेश देणारे प्रथिन स्रवते. त्याने चेतलेल्या भक्षकपेशी लिस्टेरियासारख्या, पेशींच्या आत दडणाऱ्या जिवाणूंना अधिक जोमाने मारतात. एवढेच पाहिले तर ‘वर्धक’ पटतो. पण हेच कॉनकॅनॅव्हॅलिन उंदराच्या शिरेतून पुरेशा मात्रेत दिले, तर चेतलेल्या टी-पेशींमुळे त्याच्या यकृताला गंभीर इजा होते. यकृतदाहाच्या अभ्यासासाठी हा प्रयोग मुद्दाम केला जातो. मात्रा, वेळ, देण्याचा मार्ग यांवर इतके काही अवलंबून असताना नावातच निकाल देऊन टाकणे मला योग्य वाटत नाही.

आणखी एक अडचण आहे, आणि भाषांतरात ती जास्त नडेल. अशा लेखांत मायटोजेन पुष्कळदा उंदराला दिलेलाच नसतो. संसर्ग झालेल्या उंदराच्या प्लीहेतल्या पेशी काढून, त्यांत तो मिसळून, त्या किती विभागतात हे मोजतात. तिथे तो पेशींची क्षमता तपासण्याचे साधन असतो. ‘संसर्गानंतर प्लीहापेशींचा मायटोजेनला मिळणारा प्रतिसाद मंदावला’ या वाक्यात ‘प्रतिकारशक्तिवर्धक’ घालून पाहा. औषध लागू पडले नाही, असा भलताच अर्थ निघतो. ‘विभाजनप्रेरकाला मिळणारा प्रतिसाद मंदावला’ म्हटले की पेशी पूर्वीइतक्या विभागत नाहीत, हे थेट कळते.

‘वनस्पतिजन्य’मधला ‘ति’ तुम्ही ऱ्हस्व लिहिला आहे, तो बरोबर आहे. सामासिक तत्सम शब्दात तो तसाच राहतो.