सोनेरी जहाजं, गंजकी जहाजं आणि आपली बाजू

प्रश्न : आम्ही मित्र रात्री ‘ईव्ह ऑनलाइन’ खेळतो. सुरुवातीला चार साम्राज्यांतून एक निवडावं लागतं. आमच्यात तिघं मिनमतार, दोघं कॅल्डारी, एक अमार. गॅलेंटे कुणीच नाही. पुढं स्किल शिकलं की कुणालाही कुणाचंही जहाज चालवता येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी आपल्या बाजूवरून हमरीतुमरी होते. जे साम्राज्य अस्तित्वातच नाही, त्याच्यावर एवढा जीव का जडतो?
– एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. आइसलँडमधल्या रेक्याविकच्या सीसीपी कंपनीनं ‘ईव्ह’ हा अंतराळातल्या जहाजांचा ऑनलाइन खेळ मे २००३ मध्ये सुरू केला. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू एकाच अवकाशात असतात. अमार हे धर्माच्या नावानं चालणारं साम्राज्य. त्यांची जहाजं सोन्यानं मढवल्यासारखी, हत्यार लेझर, आणि घरोघरी गुलाम. मिनमतार म्हणजे त्याच गुलामगिरीतून बंड करून उठलेले लोक. त्यांची जहाजं पत्रे जोडून, गंज तसाच ठेवून बांधल्यासारखी दिसतात. कॅल्डारींकडं कंपन्यांचं राज्य आहे. मिसाईल आणि ढाली ही त्यांची ताकद. गॅलेंटे हे लोकशाही संघराज्य. कॅल्डारी पूर्वी त्यातच होते, भांडून बाहेर पडले आणि त्यांचा मूळ ग्रह गॅलेंटेंच्या सूर्यमालेत अडकून राहिला.

आता तुमचा प्रश्न. पहिली निवड डोळे करतात, यात मला शंका नाही. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की ओळखीची पोरं टेस्टिंगच्या मशीनवर हा खेळ लावून बसायची. पात्र तयार करायच्या स्क्रीनवर इतिहासाचा मजकूर असतो, तो वाचताना मी फार कमी जणांना पाहिलं. जहाज गोल फिरवून बघायचे आणि ठरवायचे. एकाला सोनेरी रंग म्हणजे देवळाचा कळस वाटला, तो अमार झाला. दुसरा मिनमतारांच्या रिफ्टरकडं बघून म्हणाला, “दिसायला भंगार हाय, खरं कसलं खुनशी दिसतंय!” त्याचंही ठरलं.

पण डोळ्यांनी धरलेली बाजू टिकतेच असं नाही. हातात जहाज आलं की दुसरी परीक्षा सुरू होते. त्या अमार पोराचं काय झालं ते सांगते. त्याच्याकडं पनिशर होतं, अमारांचं लहान लढाऊ जहाज, चिलखत जाडजूड. समोर आला एक रिफ्टर. लेझरला फार ऊर्जा लागते आणि ती कपॅसिटरमधून येते. रिफ्टरवाल्यानं जवळ येऊन घिरट्या घालायला सुरुवात केली आणि ऊर्जा शोषून टाकणारं यंत्र लावलं. आमच्या डोळ्यांदेखत पनिशरचा कपॅसिटर रिकामा होत गेला, आणि मग लेझर एकेक करून थांबले. चिलखत अजून अर्ध्याच्या वर शाबूत होतं! पण मारायला काहीच नाही. रिफ्टरच्या तोफांना मात्र कपॅसिटर लागतच नाही, त्या आपल्या धडधडत होत्या. शिवाय अशी यंत्रं बसवायच्या मधल्या जागा पनिशरला दोनच. इंजिन आणि समोरच्याला पळू न देणारं यंत्र बसवलं की वेग मारणारं जाळं बसवायला जागा उरत नाही. रिफ्टरला तिन्ही बसतात. ते पोर थोड्याच दिवसांत मिनमतारांची जहाजं शिकायला लागलं. गुलामांच्या मुक्तीशी त्याचा काही संबंध नव्हता, त्याला न थांबणाऱ्या तोफा हव्या होत्या.

अशी व्यवहारी निवड सगळीकडं चालते. सुरुवातीच्या काळात प्रत्येक वंशाचे गुण वेगळे असायचे आणि स्किल शिकण्याचा वेग त्यांवर ठरायचा. कॅल्डारींमधल्या अचुरा या वंशाला लढाईच्या स्किलना उपयोगी पडणारे गुण जास्त मिळायचे, आणि ज्याची गरज क्वचित पडते तो गुण कमी. मग काय, जिकडं बघावं तिकडं अचुरा. पुढं कंपनीनं सगळ्यांचे मूळ गुण सारखे केले आणि ते कारण संपलं. दुसरं कारण बाजारपेठेचं. या खेळातला सगळ्यात मोठा बाजार जिता या सूर्यमालेत, चौथ्या ग्रहाच्या चौथ्या चंद्रावरच्या स्टेशनात भरतो, आणि जिता कॅल्डारींच्या हद्दीत आहे. कॅल्डारी म्हणून सुरुवात केली की पेठ तशी जवळच.

तुमच्या ग्रुपमध्ये गॅलेंटे का नाही, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. गॅलेंटेंची ब्लास्टर तोफ अंगाला अंग लागेपर्यंत जवळ गेल्याशिवाय नीट लागत नाही आणि ड्रोन आपले आपण लढतात, त्यामुळं नवख्याला आपण स्वतः काही केल्यासारखं वाटत नाही. पण त्याहून मोठं कारण कथेत आहे. मिनमतारांवर अन्याय झालाय. कॅल्डारींचं घर गेलंय. अमारांना वाटतं, देवानं जग आपल्या हवाली केलंय. गॅलेंटे खाऊनपिऊन सुखी आहेत, त्यांच्याकडून तावातावानं बोलायला हाताशी काही सापडत नाही. ज्याच्या कथेत जखम आहे त्याच्या बाजूनं भांडायला माणूस चटकन तयार होतो. मी स्वतः पहिल्यापासून मिनमतार आहे आणि माझंही कारण हेच आहे.

तरीही हमरीतुमरीचं उत्तर यात येत नाही. त्यासाठी कोल्हापुरातच बघावं लागेल. फुटबॉलमध्ये पाटाकडील की दिलबहार, हे आपल्याकडं कुणी विचार करून ठरवत नाही. ज्या पेठेत, ज्या गल्लीत वाढलो तिची तालीम, शाहू स्टेडियमवर तिच्याच बाजूनं ओरडायचं. हे समजण्यासारखं आहे, त्या संघातली पोरं आपण लहानपणापासून बघितलेली असतात. पण वर्ल्ड कप आला की याच पेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, चौकात मोठे फलक उभे राहतात. ब्युनोस आयर्सला आपलं कोण आहे? कुणीच नाही. कधीतरी एका भावानं एक जर्सी घेतली, त्याच्या मित्रांनी तीच घेतली, समोरच्या गल्लीनं मुद्दाम दुसरी घेतली आणि तेवढ्यावर दोन्ही बाजू पक्क्या झाल्या.

मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी हे प्रयोगानं दाखवलं. साल साधारण १९७०, ठिकाण इंग्लंडमधलं ब्रिस्टल. शाळकरी मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांची चित्रं दाखवली आणि आवडीप्रमाणे दोन गट केल्याचं सांगितलं. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कशीही केलेली होती. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना कळू दिलं नव्हतं. मग दुसऱ्या मुलांना पैसे वाटायला सांगितले. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आपल्या गटाला एकूण थोडे कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत, अशी वाटणीही त्यांनी पसंत केली. चित्रांशी किंवा गटाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. नाव मिळालं, तेवढं पुरलं.

माझं म्हणणं याच्या एक पाऊल पुढं आहे. ताजफेलच्या मुलांनी काही गमावलेलं नव्हतं. ‘ईव्ह’मध्ये जहाज फुटलं की ते गेलं, परत मिळत नाही. विम्याचे थोडे पैसे हातात येतात, पण जहाज पुन्हा विकत घ्यावं लागतं, साहित्य पुन्हा जमवावं लागतं. अशा वेळी ज्यानं आपल्याला स्वतःचं जादाचं जहाज दिलं, किंवा मरणार हे दिसत असताना जो आपल्या शेजारून हलला नाही, त्याची बाजू ती आपली बाजू. साम्राज्याची कथा पुढं येते ती या नात्याला नाव द्यायला. तुमचे तिघं मिनमतार एकमेकांसाठी भांडतात आणि त्या भांडणाला मिनमतारांचा इतिहास लावतात, असं मला वाटतं.

पुरावा हवा असेल तर बी-आर-५-आर-बी नावाच्या सूर्यमालेतली २७ जानेवारी २०१४ ची लढाई बघा. एका भागाच्या मालकीचं भाडं वेळेवर भरलं गेलं नाही, तिथून ठिणगी पडली. साडेसात हजारांवर खेळाडू त्यात उतरले, लढाई २१ तास चालली आणि ७५ टायटन, म्हणजे या खेळातली सर्वांत मोठी जहाजं, नष्ट झाली. खऱ्या पैशात नुकसान सुमारे तीन लाख डॉलरचं, असा अंदाज निघाला. आणि हे युद्ध अमार विरुद्ध मिनमतार नव्हतंच. दोन्हीकडं खेळाडूंनी स्वतः उभ्या केलेल्या आघाड्या होत्या, दोन्हीकडं चारही साम्राज्यांची जहाजं होती. सर्वांत जास्त जीव लोकांनी लावला तो कथाकारांनी लिहिलेल्या बाजूंसाठी नव्हे, स्वतः बांधलेल्या बाजूंसाठी.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. तो ज्या बाजूनं खेळतो ते लोक गुलाम ठेवतात असं त्यानंच मला सांगितलं, आणि तेही अभिमानानं. आमच्या घरात शाहू महाराजांचा फोटो आहे. मला हे ऐकून फार वाईट वाटलं. त्याला बंद करायला सांगू का?
– एक आई, नागाळा पार्क

उत्तर : ताई, तुम्हाला वाईट वाटलं ते अगदी बरोबर आहे. ज्या गावात १९०२ साली मागासलेल्या समाजांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या गेल्या, गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात महाराज स्वतः चहाला थांबले, तिथल्या आईला असं वाटणारच. पण बंद करायला सांगण्याआधी एक गोष्ट ऐका.

‘ईव्ह’मध्ये खेळाडूंची एक जुनी आघाडी आहे, तिचं नाव सीव्हीए. ती अमारांची निष्ठावान, धर्म आणि सम्राट मानणारी. प्रॉव्हिडन्स नावाच्या भागावर तिनं वर्षानुवर्षं राज्य केलं. अशा कायदा नसलेल्या भागांत साधारण रीत अशी की अनोळखी जहाज दिसलं की मारायचं. सीव्हीएनं उलटा नियम ठेवला. ज्यानं आपलं काही वाकडं केलेलं नाही, त्याला मारायचं नाही. त्यामुळं लहान गट, नवखे खेळाडू, वाट चुकलेले व्यापारी तिथं येऊन राहू शकले. त्यांच्याशी उशराखान ही मिनमतारांची, गुलामांना सोडवायच्या ध्येयानं लढणारी आघाडी अनेक वर्षं लढली. म्हणजे कथेत जुलमी असलेल्यांच्या हद्दीत परक्या माणसाला सर्वांत सुरक्षित राहता येत होतं. बाजूचं नाव आणि खेळाडूचं वागणं या दोन गोष्टी तिथं वेगळ्या निघाल्या.

म्हणून मुलाला कोणती बाजू हे विचारू नका. तू तिथं काय करतोस, नवख्या माणसाशी कसा वागतोस, कुणाला फसवून लुटलंस का, हे विचारा. त्याच्या शेजारी बसून एकदा बघा. तो अमारांच्या श्रद्धेबद्दल बोलत असेल, त्यांची कथा का लिहिली गेली असेल याचा विचार करत असेल, तर काळजी नको. अत्याचार करणारा स्वतःला पुण्यवान कसा समजतो, हे अमारांच्या कथेत फार नीट मांडलंय आणि अकरावीच्या मुलाला ते कळलेलं बरं. पण गप्पांच्या खिडकीत तो खऱ्या माणसांना जात, धर्म किंवा देश काढून बोलत असेल, तर त्याच दिवशी बंद करा. तिथं साम्राज्याचं कारण चालणार नाही, हे त्याला माझ्या नावानं सांगा.

प्रश्न : ‘एलिट डेंजरस’ या दुसऱ्या अंतराळाच्या खेळात माझ्या मित्रानं एका राजकन्येची बाजू धरली, चार आठवडे थांबला, तिची खास ढाल घेतली आणि सोडून गेला. ही गद्दारी नाही का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : राजकन्या म्हणजे एस्लिंग डुव्हाल आणि ढाल प्रिझमॅटिक. २०१५ मध्ये सत्तास्पर्धेची व्यवस्था आली तेव्हापासून असंख्य खेळाडूंनी हेच केलं. मी याला गद्दारी म्हणत नाही. चार आठवड्यांत त्याला तिथं एकही सोबती मिळाला नाही, म्हणून तो गेला. बक्षीस ठेवून माणूस आत आणता येतो, पण थांबवता येत नाही, आणि ही चूक खेळ बनवणाऱ्यांची आहे. तुमच्या मित्राला तुमच्या बाजूला बोलवा, थांबतो का बघा.

प्रश्न : ‘ईव्ह’ नव्यानं सुरू करतोय. कोणती बाजू घेऊ?
– एक वाचक, कळंबा

उत्तर : दिसायला आवडेल ती घ्या, पण कॉर्पोरेशन, म्हणजे खेळाडूंचा गट, निवडताना घड्याळ बघा. खेळाचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालतं. सर्व्हर रोज आपल्या दुपारी साडेचारला थोडा वेळ बंद होतो. त्याच्या आधीच्या दुपारी ऑस्ट्रेलियाचे लोक जोरात असतात. युरोपातले लोक कामावरून येऊन बसतात तोवर आपल्याकडं रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. तुम्ही जेवण उरकून नऊ वाजता बसणार असाल, तर त्या वेळी बोलायला माणसं असतील अशी कॉर्पोरेशन शोधा. प्रवेश मागताना पहिला प्रश्न हाच विचारा. ते मिनमतार निघाले तर मला आनंद होईल, पण गॅलेंटे निघाले तरी बिनधास्त जा.