‘ललितकलादर्श’ स्थापन झाली, झाले की झाला?

विचारणा थोडक्यात अशी आहे. गायक-नट केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’ या नाटक मंडळीवर लेख लिहिताना ‘ललितकलादर्श 1908 मध्ये हुबळीत स्थापन झाली’ असं लिहायचं, की ‘झाला’, की ‘झाले’? ‘मंडळी’ एकवचनी की अनेकवचनी? आणि नावातला ‘दर्श’ म्हणजे काय?

पहिल्याचं उत्तर ‘झाली’. का, ते समजायला आधी ‘मंडळी’ सोडवावा लागतो, कारण तो दिसायला एक शब्द असला तरी वागायला दोन आहे.

‘मंडळी जमली’ या वाक्यावरून काहीच कळत नाही. ‘जमली’ हे स्त्रीलिंगी एकवचनाचं रूप आहे (सभा जमली), तसंच नपुंसकलिंगी अनेकवचनाचंही (माणसं जमली, लेखी भाषेत ‘माणसे जमली’). ‘ही’, ‘मोठी’, ‘सगळी’ ही विशेषणंही दोन्हीकडे सारखीच राहतात. म्हणून हा प्रश्न भूतकाळात कधी सुटत नाही. तो वर्तमानकाळात सोडवावा. ‘जुनी मंडळी सांगतात’ म्हणतो, ‘सांगते’ नाही. इथे मंडळी म्हणजे माणसं. ‘ही नाटक मंडळी वर्षाला दोन नवी नाटके बसवते’ म्हणतो, ‘बसवतात’ नाही; इथे मंडळी म्हणजे संस्था. सहायक क्रियापद लावलं तरी भेद दिसतो. पाहुणे मंडळी आली ‘आहेत’, पण गावात नाटक मंडळी आली ‘आहे’. हाक मारायला (‘काय मंडळी!’) फक्त पहिला शब्द चालतो, आणि ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे’ म्हणणाऱ्या जुन्या नवऱ्याच्या तोंडी तर तिसराच, म्हणजे बायको. पण तो इथे नको.

खरी गंमत प्रत्यय लागल्यावर आहे, आणि चुकाही तिथेच होतात. रूपं तीन आहेत: मंडळीने, मंडळ्यांनी, मंडळींनी. पहिलं एका संस्थेचं, दुसरं अनेक संस्थांचं, तिसरं माणसांचं. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’ या संगीत नाटकाचा जो गाजलेला संयुक्त प्रयोग झाला, त्यात केशवराव नायक धैर्यधर आणि बालगंधर्व नायिका भामिनी होते. तो ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व या ‘दोन नाटक मंडळ्यांनी’ मिळून केला. अलीकडच्या लेखांत तिथे सर्रास ‘दोन्ही मंडळींनी’ छापलेलं असतं. त्याचा अर्थ कुणीतरी दोन प्रकारच्या लोकांनी केला, असा होतो. ‘मंडळ्या’ हे रूप आज कानाला परकं वाटतं, म्हणून लिहिणारा बिचकतो आणि अनुस्वार देऊन मोकळा होतो. बिचकायचं कारण नाही. नदी-नद्या, वाडी-वाड्या, तशी मंडळी-मंडळ्या.

‘मंडळ’ नपुंसकलिंगी, त्याची गल्लत ‘मंडळी’शी करू नये. सिंधुदुर्गात दशावताराची ‘नाट्य मंडळे’ आहेत, तिथे ‘मंडळ आलं’ म्हणायचं. नाटक मंडळी हा मात्र 19व्या शतकातला व्यावसायिक घाट. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, त्यानंतर सांगलीकर, इचलकरंजीकर अशा गावाच्या नावाच्या मंडळ्या फिरू लागल्या. हा शब्द मराठीपुरताही नव्हता. मुंबईत पारशांनी 1853 साली काढलेली संस्था गुजरातीत ‘पारसी नाटक मंडळी’च होती. मग मालकाचं आडनाव आलं (किर्लोस्कर), आणि ध्येय सांगणारी नावंही आली: आर्योद्धारक, स्वदेशहितचिंतक, ललितकलादर्श. केशवरावांचं लहानपण या ‘स्वदेशहितचिंतक’मध्येच गेलं, तिथे ‘शारदा’ नाटकातली त्यांची शारदेची भूमिका गाजली. स्वतःची मंडळी काढली तेव्हा ते 18 वर्षांचेही नव्हते.

‘काढली’ हा शब्द मुद्दाम वापरला. मंडळी ‘काढतात’, ‘चालवतात’, ती ‘फुटते’ किंवा ‘मोडते’. 1913 साली किर्लोस्कर मंडळीतून बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडले, त्याला ‘मंडळी फुटली’ म्हणतात. ‘विभाजन झाले’ म्हटलं की अहवाल वाचल्यासारखं होतं. बोलताना लोक ‘कंपनी’च म्हणत. ‘गंधर्व कंपनी’, ‘कंपनीचं बिऱ्हाड’, ‘पोरगा कंपनीत पळून गेला’. जाहिरातीवर मंडळी आणि तोंडात कंपनी, अशी ही वाटणी. मालक, भागीदार, पगारी नट, पडदे, पेटारे, आचारी हे सगळं मिळून एक चालतंबोलतं घर असे, म्हणून क्रियापदही एकवचनी.

आता नाव. फोड ललितकला + आदर्श. आ आणि आ मिळून एकच आ उरतो, त्यामुळे ललितकला + दर्श अशी फोड केली तरी रूप तेच येतं. पण मराठीत सुटा ‘दर्श’ फक्त ‘दर्श अमावास्ये’त भेटतो, आणि नाटकवाल्याने अमावास्येवरून नाव ठेवलं असेल असं मानणं जड जातं. ‘आदर्श’ म्हटलं की आपल्याला अनुकरणीय नमुना आठवतो. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ आरसा. संस्कृत पंडित दंडी याचा ‘काव्यादर्श’ हा ग्रंथ म्हणजे काव्याचा आरसा. त्या चालीवर ललितकलादर्श म्हणजे ललित कलांचा आरसा. नमुना म्हणा की आरसा, व्याकरणाला दोन्ही चालतात. कानाला आरसा जास्त भावतो. ‘ललितकलादर्शन’ मात्र सरळ चूक, आणि ‘ललित कला दर्श’ असे तीन तुकडे करणंही. सामासिक शब्द आहे, अखंड लिहावा. ‘ललित’मधला लि ऱ्हस्व.

आदर्श पुल्लिंगी, मग ‘ललितकलादर्श स्थापन झाला’ का नाही? कारण नावामागे ‘मंडळी’ अध्याहृत आहे, म्हणजे लिहिलेली नसली तरी धरलेली आहे; लिंग तिचं चालतं. ‘केसरी’ आला, कारण मागे अंक आहे; ‘डेक्कन क्वीन’ आली, कारण मागे गाडी आहे. तसंच हे. म्हणून 1921च्या ऑक्टोबरात केशवराव गेल्यावर ‘ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी चालवली’, आणि 1922 साली ‘तिने’ मामा वरेरकरांचं ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणलं. 1937 साली बापूराव गेले. पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी ती पुन्हा उभी केली आणि 1960 साली विद्याधर गोखल्यांचं ‘पंडितराज जगन्नाथ’ याच नावाखाली आलं. त्या काळापर्यंत ‘नाटक मंडळी’ हे शेपूट बोलण्यातून गळून गेलं होतं, नुसतं ‘ललितकलादर्श’ उरलं. मागचा शब्द आता ‘संस्था’ धरला तरी तीही स्त्रीलिंगीच, त्यामुळे क्रियापदाला धक्का लागत नाही.

राहता राहिलं सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययाआधी शब्दाचं होणारं रूप. ‘ललितकलादर्शाचे नाटक’ व्याकरणाने चूक नाही, पण वाचताना ‘आदर्श’ हा नुसता शब्द पुढे येतो आणि नाव मागे पडतं. विशेषनाम न मोडता ‘ललितकलादर्शचे’, ‘ललितकलादर्शने’, ‘ललितकलादर्शमध्ये’ लिहावं. एकाच लेखात दोन्ही रूपं मात्र नकोत. आणि ‘ललितकलादर्श नाटक मंडळी’ असं पूर्ण नाव घेतलंत तर प्रत्यय शेवटच्या शब्दाला लावा: ‘ललितकलादर्श नाटक मंडळीचे’. तिथे ळीवर अनुस्वार द्यायचा नाही.